बाबांजवळ उरलेलं 'गो ऑन'

माझे बाबा कारंज्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. वर्गात बहुतेक मुलं आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं येणारी. साधी क्रियापदं त्यांना कशीबशी यायची, पण क्रियापदामागे एखादा बारका शब्द चिकटून आला की सगळा वर्ग गारद व्हायचा. मीही त्याच वर्गात होते. बाबांनी फळ्यावर 'गो' लिहिलं, म्हणजे जाणे. 'ऑन' लिहिलं, म्हणजे वर. मग दोन्ही जोडून म्हणाले, "आता यात जाणंही नाही आणि वरही नाही." वाचताना कुणी अडखळलं तर 'गो ऑन' म्हणजे वाच पुढं. कुठं गोंधळ चालला असेल आणि तो काय आहे हे विचारायचं असेल, तरी हेच. गेलेली लाइट आली, तरीही हेच.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "सर, मंग जाचं का नाई जाचं?"

वर्ग हसला, बाबाही हसले. म्हणाले, "आजूबाजूचं वाक्य पाहायचं. एकट्या शब्दाला विचारून काही कळत नाही."

निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून. भाऊ पुण्याला. एका सकाळी दाढी करता करता बाबा मोरीजवळ कोसळले. आईचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पोचले तर त्यांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. अकोल्याला नेलं. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती.

दवाखान्यात आई रोज त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायची. एक दिवस सिस्टरनं त्यांना कुशीवर वळवलं आणि ते एकदम स्पष्ट बोलले, "गो ऑन."

आईनं माझा हात धरला. "बोलले! काय म्हणून राह्यले वं?"

"चालू दे म्हणतात."

"मंग बरं हाय," आई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं समोरचा चहा प्यायला.

थोड्या वेळानं त्यांनी पाण्याकडे डोळे वळवले आणि म्हणाले, "गो ऑन." मी माझं नाव घेऊन दाखवा म्हटलं, तरी, "गो ऑन." संध्याकाळपर्यंत आम्हाला कळून चुकलं. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतला बोलण्याचा भाग गेला की कधी कधी जन्मभर तोंडात बसलेला एखादाच शब्द शिल्लक राहतो. तो आपोआप येतो. "त्यातून ते काही सांगत असतीलच असं नाही," ते म्हणाले.

आईला हे पटलं नाही. "मानूस कायले फुकटचं बोलते?" असं ती मला बाहेर व्हरांड्यात म्हणाली.

घरी आल्यावर ती त्या दोन शब्दांच्या मागे लागली. वर चढत जाणारं, तुटक असलं तर पाणी. खालच्या सुरात लांबवलेलं असलं तर कूस बदलून द्या. पटपट दोनदा आलं तर लघवीचं भांडं. काही बरोबर निघायचं, बरंच चुकायचं. चुकलं की बाबा डोळे मिटून घ्यायचे आणि आई ओशाळून म्हणायची, "सांगा नं मंग बरोबर." असं म्हटल्यावर तिलाच रडू यायचं.

एकदा त्यांचा एक जुना विद्यार्थी आला. गावाबाहेर त्याची भाजीची वाडी. मेथीच्या जुड्या घेऊन आला होता. बाबांच्या पायाशी बसून त्यानं विचारलं, "सर, ओळखलं काय मले?"

"गो ऑन."

तो खळखळून हसला. "अजूनबी वाचालेच लावता का सर!"

मग तो सांगायला लागला. वांग्यावर पडलेली अळी, जळालेली मोटर, बारावीला बसलेली पोरगी. तो थांबला की बाबा म्हणायचे, "गो ऑन," आणि तो आणखी सांगायचा. किती तरी वेळ हे चाललं. त्या घरात एवढं बोलणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. जाताना त्याचे डोळे भरून आले होते. "काकू, सरायले सगळं समजते," तो आईला म्हणाला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर आई म्हणाली, "थकले होते ते. जा म्हणत होते त्याले."

मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते खूश आहेत. विचारणार कुणाला?

उन्हाळ्यात एका दुपारी मी गेले तर आई पलंगाजवळ उभी, केस सुटलेले. बाबा सकाळपासून तेच म्हणत होते, पण आजचा सूर ओळखीचा नव्हता. कळवळून, एकेका अक्षरावर जोर देऊन. डावा हात पलंगावर आपटत होते. पाणी दिलं, ढकललं. कूस बदलली. चष्मा दिला, पेपर दिला, रेडिओ लावला. कपाट उघडून एकेक कपडा दाखवला. देवाचा फोटो जवळ नेला. भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो ऑफिसातून "बाबा, बाबा" करत राहिला आणि बाबांनी मान फिरवली. मी खाली बसून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला, जणू जवळून ऐकल्यावर त्यात दुसरा काही शब्द सापडणार होता.

"बाबा, माफ करा, नाही कळत हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. आणि ते गप्प झाले.

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी नाही. आई मुद्दाम उशीर करायची, एकदा तरी म्हणतील म्हणून. ते छताकडे पाहत पडून राहायचे. पावसाळ्याच्या तोंडावर छातीत कफ भरला आणि पहाटे गेले.

दिवसकार्य झालं, भाऊ परत गेला, आणि आईनं सुरू केलं. ताटावर बसल्या बसल्या हात थांबायचा. "त्या दिवशी त्यायले काय पाह्यजे होतं वं?" मी म्हणायची, सोड आता. ती कुठं सोडते. एके दिवशी म्हणाली, "धनजले जाचं असन."

धनज हे बाबांचं जन्मगाव. तिथं आता आमचं कुणी नाही. तरी आम्ही एस.टी.नं गेलो. आईनं त्यांचा एक शर्ट पिशवीत घेतला होता. ज्या जागी त्यांचं घर होतं तिथं कुणी तरी टिनाचं गोदाम बांधलं होतं. समोर एक म्हातारा बसला होता. त्यानं बाबांचं नाव ऐकलं, विचार केला आणि मान हलवली. शाळेच्या ओट्यावर आम्ही डबा खाल्ला. आईनं शर्ट बाहेर काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा घडी करून आत ठेवला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. दोन्हीकडे सोयाबीन उभं होतं. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "नाही. हे नसन."

अजूनही ती अधूनमधून काही तरी सुचवते. पायाला मुंग्या आल्या असतील. तुझ्या हातचा चहा पाहिजे असेल. परवा भांडी पुसता पुसता म्हणाली, "मले बाहेर काढा म्हणत असन. अंगनात. घरात लय गरम होत होतं."

"असेल," मी म्हटलं.

तिनं भांडं फळीवर ठेवलं आणि दुसरं पुसायला घेतलं.