पटावरचे दोन शतांश

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे अख्ख्या नागभीडला ठाऊक आहे! तुम्हाला सांगतो. मान खाली घालून नाही, चांगली वर ठेवून.

आमच्या शंकरपटात बैलजोड्या एकेक धावतात, कुणी किती कमी वेळ घेतला त्यावरून निकाल लागतो. पूर्वी घड्याळवाल्यांची भांडणं व्हायची. मी कम्प्युटरचा दुकानदार, त्यातून पटात माईकवरून बोलायचा हौशी. म्हटलं, भांडणं मिटवतो! दोन्ही टोकांना प्रकाशाचा किरण लावला. बैलांनी तो तोडला की तारेतून कम्प्युटरच्या सीरियल पोर्टला इशारा. काय रुबाब होता माझा!

पण ज्या कम्प्युटरवर वेळ मोजायची, त्याच्यावरच गाणी वाजवायची— हे कुणी करतं का? मी केलं. शेवटच्या फेरीत देवाजीभाऊंची जोडी रेषेजवळ आली, तसं मी तुतारीचं बटण दाबलं, फक्त त्यांच्याच वेळी. जोडी दोन शतांश सेकंदांनी हरली.

"माही जोडी एवढा वेळ घेत नाई," देवाजीभाऊ म्हणाले. "मी हाकत होतो, मले समजते."

मी माईकवरून विचारलं, "काऊन भाऊ, कासऱ्याले घड्याळ बांधलं होतं काय?" मैदान हसलं. मलाही मजा आली— खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुकानात दोन किरणांमधून गोटी सोडून पाहिली. तुतारीविना दर वेळी जवळपास तोच आकडा. तुतारी लावली की आकडा फुगायचा, दोन शतांशांहून जास्त. इशारा पोर्टवर वेळेतच यायचा. तुतारीत गुंतलेला कम्प्युटर तो माझ्या प्रोग्रामला उशिरा द्यायचा. आणि मी वेळ टिपत होतो ती इशारा हातात पडल्याची, आल्याची नाही. कम्प्युटरला दोष देऊ? का म्हणून? प्रोग्राम माझा, तुतारीही माझीच.

मग सांगितलं का नाही? माईक गेला असता. बस, एवढंच.

तीन दिवसांनी बैलबाजार होता. देवाजीभाऊ दुकानासमोर थांबले. वासरापासून वाढवलेला डावा बैल सोबत. कासरा दोन्ही हातांनी धरलेला.

"इकून टाकतो याले," ते म्हणाले. "तुमच्या मशीननं सांगतलं ना भाऊ, हा थकला म्हणून."

खरं तर पटात पहिली आली होती ती त्यांचीच जोडी. मला माहीत होतं. मी म्हटलं, "होते असं, भाऊ," आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.