वजन कमी करणारी विहीर

मिना राठोड बारावीला बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि एकट्या फिजिक्समध्ये राहिली. ही २००७ची गोष्ट. तिला फिजिओथेरपीला जायचं होतं. आखाडा बाळापूरजवळच्या तिच्या तांड्यावर हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. तिचे काका धर्मसिंग पाहुण्यांना सांगत, "पोरगी फिजोथेरी होऊन राहिली. मोडलेल्या माणसाला चालायला लावायचा सरकारी हुकूम असतो त्यांच्याकडं."

बाळापुरात उद्धव जोशीचं इंटरनेट कॅफे होतं. घराण्याकडं गावच्या देवळातली पूजा, त्याच्याकडं तीन कॉम्प्युटर. त्यानंच मिनाला परदेशातल्या एका कॉलेजचा फुकट अभ्यासक्रम शोधून दिला. पुढं दवाखान्यात काम करू पाहणाऱ्या मुलांसाठीचं सुरुवातीचं फिजिक्स. त्यात गाडी आणि चेंडूच्या जागी कुबड्या, सलाईनची बाटली, मणक्यावरचा भार असलं काही असे. व्हिडिओतले सर तोंड उघडत आणि तसेच राहत. नेट पुढं सरकेना की उद्धव शांतपणे म्हणे, "सर ध्यानाला बसलेत. थांबू."

एका धड्यात प्रश्न आला : लिफ्टमध्ये वजनकाट्यावर रुग्ण उभा आहे. लिफ्ट खाली निघाली, तर काटा काय दाखवेल?

"तुमी बसलात का कधी लिफ्टमधी?" मिनानं विचारलं.

"औरंगाबादला. पण मी डोळे मिटून घेतले होते," उद्धव म्हणाला.

त्याच सुमारास धर्मसिंगकाकांच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. काठावर यारी उभी होती. इंजिन फटफटलं की तारेला लटकलेलं लोखंडी टोपलं खाली जाई आणि मुरूम भरून वर येई. मिनानं बराच वेळ त्या टोपल्याकडं पाहिलं. मग तिनं उपकेंद्रातल्या नर्सबाईकडून उभं राहायचा वजनकाटा मागून आणला आणि टोपल्यात ठेवला.

"काका, मला खाली सोडा."

"काहून?"

"अभ्यास हाय."

अभ्यास म्हटल्यावर काकांनी अडवलं नाही. यारीवाल्या वसरामनं तिच्या कमरेला दोर बांधला आणि ब्रेक सैल केला. टोपलं खाली निघालं, तसा काटा पंचेचाळीसवरून अडतीसला गेला. मिना विहिरीतून ओरडली, "कमी झालं!"

एवढंच तांड्यावर ऐकू गेलं.

मिना वर येईपर्यंत तांड्यावरच्या नानीबाईकाकी हातातलं काम टाकून आल्या. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं, आणि वर्षभर भाकरी कमी करूनही काही उतरलं नव्हतं. त्या कुणाला न विचारता टोपल्यात जाऊन उभ्या राहिल्या. मिना काठावरून समजावत राहिली, पण त्यांनी दोर बांधून घेतला आणि वसरामला खूण केली. काटा ऐंशीवरून सत्तरच्या खाली आला.

"बास. हितंच थांबव," त्या खालून म्हणाल्या.

वसरामनं ब्रेक दाबला. काटा एकदम नव्वदवर गेला.

वर आल्यावर त्या वसरामशी बोलेनात. बोलल्या त्या मिनाशी. "ह्यानं माझं वजन वाढवलं."

"मी ब्रेक मारला फकस्त," वसराम म्हणाला.

मिनानं जमिनीवर काटा ठेवून त्यांना वर उभं केलं : ऐंशी. जेवढं नेलं तेवढंच परत आलं, हे ऐकून त्या जास्तच नाराज झाल्या.

धर्मसिंगकाका मात्र विचारात पडले होते. "म्हंजे तार तुटून माणूस नुसता पडत असला तर?"

"तर काटा शून्य दाखवल, काका."

"वजनच न्हाई?"

"काट्यावर न्हाई."

"मंग आपटल्यावर इतकं लागतं काहून?"

दुसऱ्या दिवशी मिनानं आणि उद्धवनं मिळून मोडक्या इंग्रजीत तो प्रश्न सरांना पाठवला, विहिरीच्या हकिकतीसकट. उत्तर आलं. सरांनी आधी माणसं विहिरीत सोडणं ताबडतोब थांबवायला सांगितलं होतं. मग लिहिलं होतं की तुमच्या काकांचा प्रश्न उत्तम आहे : पडल्यानं लागत नाही, एकदम थांबल्यानं लागतं. उद्धवनं ते मराठीत वाचून दाखवलं. काकांनी मान डोलवली आणि म्हणाले, "माणूस शाना हाय. पण विहीर त्यानं पाह्यली न्हाई."

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेत मिना फिजिक्समध्ये काठावर पास झाली. पुढं नांदेडला शिकली आणि हिंगोलीत एका दवाखान्यात लागली. पाय मोडलेल्या माणसांना ती कुबडीवर भार कसा टाकायचा ते शिकवते, आणि फार बोलणाऱ्यांना जिने चढायला लावते.

तांड्यावर मात्र काकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी विहिरीत शिकली. मिना नांदेडला असताना सेनगावकडचा एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आला आणि प्रवेशाचं विचारू लागला. काकांनी दोघांना चहा पाजला, काठावर नेऊन विहीर दाखवली. आत आकाश दिसत होतं.

"औंदा पानी लागलं," काका खेदानं म्हणाले. "शिकवणी बंद हाय."