हात वर करा

माझी धाकटी बहीण तेव्हा सहावीत होती. एका दुपारी वर्गाच्या बाईंनी गणित बाजूला ठेवलं आणि सांगितलं, आज आपण एकमेकांची सुखदुःखं समजून घेऊ. बाई कुठल्याशा शिबिरातून नुकत्याच परतल्या होत्या. मुलांचं मन कळायला त्यांचं घर कळायला हवं, असं तिथे शिकवलं असावं. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने घरात डोकावलं तरी ते डोकावणंच.

प्रश्न तोंडी. ज्याला लागू पडेल त्याने हात वर करायचा. कोणाचे वडील रात्री घरी नसतात? शाळेतून घरी गेल्यावर कोणाला आई दिसत नाही? कोणाच्या घरात रात्री कोणी रडतं?

धाकटीचा हात प्रत्येक वेळी वर. आम्ही वेसाव्याचे कोळी. बाबा रात्री समुद्रात, दिवसा घोरणार. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकून दिवेलागणीला येणार. आमच्या आळीत घरोघरी हेच, पण शाळा अंधेरीत, आणि वर्गात कोळ्याची पोर ही एकटीच. बाईंनी मायेने विचारलं, "कोण रडतं गं?"

"आई," धाकटी म्हणाली.

मामाची होडी आदल्या वर्षी परत आली नव्हती. तेव्हापासून आई भांडी आवरून ओट्यावर एकटी बसायची. आम्ही झोपेचं सोंग घ्यायचो. घरात हा विषय कोणीच काढत नसे.

त्या वर्गातल्या मुलांच्या आया आमच्या आईच्याच गिऱ्हाईक. त्याच आठवड्यात मी टोपली उचलायला सोबत होते, तर त्यांतली एक पापलेट उलटंसुलटं करत म्हणाली, "रात्री रडता म्हणे तुम्ही. जीवाला लावून घेऊ नका हो. बरं, हे कसं दिलं?"

आईच्या तोंडाला सगळा बाजार बिचकायचा. त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाने मागितल्या भावात पापलेट देऊन टाकलं.

घरी आल्यावर म्हणाली, "उद्यापासून हिची शाळा बंद. माझ्याबरोबर बाजारात बसंल."

"मी काय केलं?" धाकटी.

"तू काय नाय केलं गो. तिथं घरातलं विचारतान, आन् तुला खोटं बोलता येत नाय."

मी कॉलेजात होते. रॉकेलच्या रांगांवर पत्रकं लिहून माझा हात तयार झाला होता. तिथल्या तिथे मजकूर लिहिला आणि मोठ्याने वाचला. मथळा होता, 'कष्टकरी मातेच्या अश्रूंचा बाजार'.

आईने विचारलं, "हा कागद कुठं वाटणार?"

"शाळेच्या फाटकावर. स्टेशनवरसुद्धा."

"बाईनं वर्गाला सांगितलं, तू स्टेशनला सांग. भोंगा पण आन."

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "माझं घोरणं पण छाप."

"मग काय गप्प बसायचं?" मी भडकले.

"गप्प बस कोण बोलला?" आई म्हणाली. " त्यांनी काय विचारलं ते लिही ना. आपण काय सांगितलं ते कशाला?"

पत्रक अगदी लहान निघालं. शाळेने विचारलेले प्रश्न जसेच्या तसे, आणि खाली एक ओळ: हेच प्रश्न पालकसभेत विचारले, तर आपण हात वर कराल काय?

शनिवारी शाळा सुटताना फाटकावर वाटलं. काहींनी वाचून खिशात घातलं. कोणाची तरी आई मात्र कागद घेऊन तडक आत गेली. थोड्या वेळाने हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"तू कोण?"

"पालक."

"कोणाची?"

"ते नाही सांगणार. भांडण त्याचंच आहे, सर."

सरांनी पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, असे प्रश्न वर्गात पुन्हा होणार नाहीत. मी म्हटलं, हे मला सांगू नका, सगळ्या वर्गांत वाचून दाखवा. सोमवारी नोटीस फिरली. नाखुशीने का होईना, फिरली.

पण धाकटी तेव्हा आईशेजारी बाजारात बसली होती. त्या संध्याकाळी वर्गाच्या बाई तिथे आल्या. हात जोडून म्हणाल्या, "माझं चुकलं, मी त्या दिवशी—"

"इथं नको, बाय," आईने तोडलं. "इथं सगळी ऐकतान. मासळी घ्यायची तर घ्या."

बाईंनी बोंबील घेतले. भाव थोडा कमी करा म्हणाल्या. आईने केला नाही. वर, स्वस्त हवे तर उद्या शिळे न्या, असं सुनावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजाराला निघण्याआधी तिने धाकटीला उठवून वेण्या घातल्या. गाठ आवळताना म्हणाली, "गणिताला हात वर कर. आमचं काय विचारलं, तर बोल, आईला विचारा."