बापूराव माहेरी गेले

आमच्या बापूरावांना दिवस गेलेत, हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं.

बापूराव म्हणजे आमचा पाळलेला सरडा. (सरडा कोण पाळतं म्हणाल, तर बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या झरी गावात धान्याआधी माशाच पिकल्या होत्या!) सासऱ्यांच्या पोखर्णीच्या मळ्यातल्या लिंबावरून मीच त्याला आणला, डोक्यावरचा तुरा बघून नर ठरवला आणि नावही ठेवलं. शेवटी मी शाळेत शास्त्र शिकवणारा मास्तर होतो.

एक दिवस बापूरावांनी माशा सोडल्या. पोट फुगलं. कुंपणाच्या मेंदीवरून उतरून अंगणभर येरझाऱ्या आणि दिसेल तिथं माती उकरणं सुरू झालं. मी अपचन ठरवलं आणि चमच्यात एरंडेल ओतलं. तेवढ्यात आईनं माझा हात धरला.

"पोटुशीला एरंडेल पाजायलास व्हय?"

"आई, नर हाय तो."

"खाईना, एका जागी बसंना, मातीवर वासना चाललीय. तुझ्या येळंला माझं असंच झालतं."

म्हणजे मी आणि सरड्याची अंडी एकाच पंगतीला! अस्सा संताप आला म्हणता! पण बायकोनं पोटाला हळूच बोट लावून बघितलं, तर आत शेंगदाण्याएवढ्या गोळ्या लागत होत्या. मग मी एरंडेल परत बाटलीत ओतलं.

अंगण चोपून सारवलेलं. बिचारीची नखं झिजली तरी खड्डा होईना, आणि अंडी पोटातच अडकली तर जिवावर बेतणार. खुरप्यानं खणून देतो म्हटलं, तर सासू-सून एक झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, इथं काय कमीजास्त झालं तर पोखर्णीकरांना काय तोंड दाखवायचं, असं आईचं म्हणणं. सरड्याला माहेर! पण माझं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी यष्टीत, मांडीवर कापडी पिशवी. गर्दीत एकाचं कोपर लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा बेतानं, दिवस भरलेत तिचे!" अख्खी यष्टी पिशवीकडं बघायला लागली. मी बापूरावांना 'तिचे' म्हणालो, याचाच मला जास्त राग आला.

मळ्यात लिंबाखाली सोडल्यावर बाईसाहेबांनी भुसभुशीत मातीत भोक पाडलं, आत शिरल्या, दुपारभर बसून अंडी घातली, माती लोटली आणि माझ्याकडं न बघता झाडावर चढल्या. एवढी यातायात केली, त्याचं काही नाही! तरी सुटली बिचारी, म्हणून मला बरं वाटलं.

सासरे बाजेवर बसून सगळं बघत होते. धडधाकट माणूस, समोर भाकरीची चळत. सावकाश म्हणाले, "जावईबापू, आमच्या लेकीच्या बाळंतपणाला बोलावलं, तवा तुमाला रजा मिळाली न्हाई. आज कशी मिळाली?"

आता काय सांगणार? सासरे अंथरुणाला खिळलेत, आजची रात्र निघणं अवघड आहे, असं हेडमास्तरांना सांगूनच तर निघालो होतो!