अण्णांची गाडी, अक्कांचे कान

बंद पडलेली गाडी कुणी ढकलत दारात आणली की अण्णा बॉनेटला हात लावण्याआधी विचारायचे, "काल काय खाल्लं हिनं?"

त्यांची सारी नोकरी कमलनगरच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली होती. दुखणं मालकाला विचारायचं, मग जनावराला हात लावायचा, ही सवय अंगात मुरलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी उदगीरहून एक जुनी मोटार आणली आणि हाच नियम तिलाही लावला. गल्लीतली ती पहिली मोटार. दुसरी माझी, काही वर्षांनी आलेली, आणि तिच्याहून जास्त रडणारी.

एकदा माझी गाडी सकाळी सुरूच होईना. मी शेजारीच राहणारा, अण्णांना हाक मारली. काल काय खाल्लं, या प्रश्नावर मी कबूल केलं की रस्त्याकडेच्या टपरीवर डब्यातलं पेट्रोल घेतलं होतं. अण्णांनी टाकीचं झाकण काढून नाक लावलं. "रॉकेल पाजलाव की हो गुरुजी. मुकं जनावर हाय, सांगंल कसं?" मग टाकी रिकामी केली, प्लग काढून काचपेपरनं घासले, चांगलं पेट्रोल भरलं आणि गाडी चालू करून दिली. वर बजावलं, "दोन दिस हलकं काम द्या."

आधी विचारायचं, मग हात लावायचा, हा नियम ते स्वतःच विसरत तेव्हा मात्र बघण्यासारखं असे. एका रविवारी गाडी सुरू होईना म्हणून त्यांनी कार्बोरेटर खोलून लिंबाखाली पोत्यावर पसरला. दुपार होत आली तरी दोष सापडेना. अक्का, म्हणजे त्यांची बायको, भाकरीच्या पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. "अवं, पेट्रोल हाय का तिच्यात?" टाकी कोरडी होती, पेट्रोलचा काटा मध्येच अडकून बसला होता. अण्णा थोडा वेळ एक भाग पुसत राहिले आणि म्हणाले, "साफ करायचंच होतं."

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता; अण्णांना तो अप्पा म्हणे. अप्पांच्यानं गाडी चालवणं होईना झालं की दोघांनी पुण्याला यायचं, असं त्यानं बोलून ठेवलं होतं. अण्णांना तिसऱ्या मजल्यावरचं ते घर नको होतं. इथं गाडी होती म्हणून बिदरच्या दवाखान्यात, अक्कांच्या माहेरी मादन हिप्परग्याला, कुणाची मिनतवारी न करता जाता येई. आणि नेमके त्यांचे कानच गेले.

लोकांचं बोलणं ते ओठ बघून भागवून नेत, मुलाचा फोन अक्काच घेत. इंजिन काही ओठ हलवत नाही. एका सकाळी मी कुंपणावरून पाहिलं, गाडी चालू होती आणि अण्णा तिच्याकडे न बघता अक्कांच्या तोंडाकडे बघत होते. पदर खोचून अक्का बॉनेटशी वाकल्या होत्या. त्यांनी बोटं झरझर उडवून दाखवली आणि म्हणाल्या, "मोहरी. कढईत तडतडल्यावाणी." अण्णांनी मान हलवून इंजिनाच्या ठिणगीचं टायमिंग थोडं मागं घेतलं. जात्याची घरघर म्हणजे बेरिंग, बांगड्यांची किणकिण म्हणजे टॅपेट, असं त्यांचं आपसांत ठरलेलं होतं. मी दिसताच अक्का कुंपणाशी आल्या. "गुरुजी, पोराला सांगू नका बरं." त्याआधी ती दोघं माझे नुसते शेजारी होती. त्या दिवसापासून मला ती मनापासून आवडू लागली.

दिवाळीला मुलगा आला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन गाडी चालवत उदगीरला निघाला. पुढं त्याच्या शेजारी अण्णा, मागं अक्का आणि मी. गावाबाहेर पडताच खालून घरघर सुरू झाली. "अप्पा, कशाचा आवाज यायलाय?" मुलानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. अण्णा शांतपणे समोर बघत बसलेले. तेवढ्यात अक्कांनी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि जातं फिरवावं तसा गोल फिरवला.

"डाव्या चाकाचं बेरिंग जायलंय," अण्णा म्हणाले. "हळू चालीव. घरी गेल्यावर बदलतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं, तर ते खरंच खडखडत होतं. संध्याकाळपर्यंत नवं बेरिंग बसलं. मुलगा मला म्हणाला, "अप्पांचे कान अजून लई तिखट हायत, काका. उगंच काळजी करायलो मी." पुण्याचा विषय त्यानंतर त्यानं काढला नाही. अक्कांनी मला त्या संध्याकाळी दोनदा चहा पाजला.

आणखी चार-पाच वर्षं ती गाडी अशी दोघांनी मिळून चालवली. मग एका उन्हाळ्यात अक्का साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

दिवसकार्य झालं, मुलगा परत गेला, आणि अण्णांनी मला त्याला फोन लावायला सांगितला. "त्याला म्हणा, मला आयकू येत न्हाई. गाडी इकून येतो." मी म्हटलं, थोडं थांबा, मी आहे ना शेजारी. माझे ओठ त्यांनी नीट वाचले आणि नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

औरादचा एक माणूस गाडी बघायला आला. अण्णांनी ती धुऊनपुसून ठेवली होती. त्यानं चावी फिरवली, गाडी लगेच चालू झाली. तो अण्णांसमोर येऊन म्हणाला, "अण्णा, आवाज कसा वाटतो?"

अण्णांनी ओठ वाचले आणि वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बघतच राहिले. तो माणूस माझ्याकडे बघू लागला.

"सांगणारी न्हाई आता," अण्णा म्हणाले. "तुमचं तुम्हीच आयका."