पाटोद्याच्या कपाटातली दारं

बहात्तर साली पाटोद्याच्या बाजारपेठेत एक सहकारी ग्राहक भांडार होतं. साखर, रॉकेल, कंट्रोलचं कापड असा सगळा माल तिथं मिळे. पण शहाणा दुकानदार जिथं बिस्किटांच्या बरण्या मांडेल, त्या दर्शनी जागी काचेचं कपाट होतं आणि कपाटात होती पुस्तकं. पोथ्या-पंचांगं नव्हेत, चित्रांची, नक्षीची, फोटोंची. ही करणी भांडाराच्या विक्रेत्याची, त्रिंबकरावांची.

त्रिंबकरावांनी जवानीतली काही वर्षं हैदराबादेत एका छापखान्यात चित्रांचे ठसे करण्यात घालवली होती. तिकडून परतताना लोक अत्तर आणत, बांगड्या आणत. यांनी एक खोड आणली. छापील कागद हाती आला की आधी हुंगायचा, मग हात लांब करून न्याहाळायचा. "आमच्या लग्नाची पत्रिकाबी आदी हुंगली, मग तारीख बघितली," असं त्यांची बायको सरस्वतीबाई आडावर सांगे. खरं-खोटं त्या दोघांना ठाऊक.

कपाटावर काळी पाटी असे आणि पाटीवर हंगामाची शिफारस. पोळ्याला शिंगं-झुली रंगवायचं पुस्तक, दिवाळीला रांगोळीचं, लगीनसराईत भिंतींवर मोर-वेली काढणाऱ्यांसाठी नक्षीचं. खाली त्रिंबकरावांचा शेरा: "बैल गरीब असला तरी झूल गरीब दिसू नये. पान बावीस पाहावे." लोक येत, पान बावीस फुकट बघत आणि घरी जाऊन झूल तशीच शिवत. पुस्तक जागच्या जागी. त्रिंबकरावांना त्याचं काही वाटत नसे. गावातला एखादा बैल बावीस नंबरच्या पानातून चालत आल्यासारखा दिसला की त्यांना दिवसभर भूक लागत नसे.

त्या साली मृग कोरडा गेला आणि पाठोपाठ बाकीची नक्षत्रंही त्याच्याच वळणावर गेली. बैल विक्रीला निघाले. रांगोळी काढायची तर अंगण शिंपायला पाणी कुठलं? आता पाटीवर लिहावं तरी काय? त्रिंबकरावांनी डोकं खाजवलं आणि पुण्याहून एक भलंमोठं फोटोंचं पुस्तक मागवलं. त्यात देशभरातल्या घरांची नुसती दारं होती. चेअरमन अर्जुनरावांनी मागणीवर लगेच सही केली. त्यांचं नवं घर चाललं होतं आणि दाराचा नमुना फुकटात मिळणार होता.

पाटीवर अक्षरं उमटली: "दुष्काळी हंगामासाठी: दारांचे पुस्तक. घेण्याची गरज नाही. दर बाजारी एक पान पाहावे."

पुस्तक काचेआड उघडून ठेवलेलं आणि किल्ली त्रिंबकरावांच्या करदोट्याला. बाजारच्या दिवशी खडी फोडायची दुष्काळी कामं बंद असत, त्यामुळे बाया-माणसं मोकळी. आधी चार डोकी जमली, मग चाळीस. गंमत अशी की दार कुठलंही असो, बंदच. आत कोण राहतं ते पुस्तक सांगत नव्हतं. मग ते गावानं सांगायला घेतलं.

खडीवरची भिवराबाई काचेला नाक लावून म्हणाली, "ह्या घरात सासू-सुना बोलत न्हाईत."

"कावून गं?" तिची जोडीदारीण मालनबाईनं विचारलं.

"उंबरा बघ की. एकाच अंगानं झिजलाय. दुसरीनं घर सोडल्यालं दिसतंय."

"काय बी! मला तर वाटतंय आत सावकार झोपलाय. कडी बघ केवढी हाय!"

पुढच्या बाजारी पुढचं दार, नवी सासू, नवा सावकार. "त्रिंबकदादा, एक पान पुढचं दावा की!" अशा विनवण्या झाल्या, चहा पाजून झाला, रुसवे झाले. त्रिंबकराव बधले नाहीत. त्यांनी स्वतःही पुढचं पान बघितलेलं नाही, असं ते शपथेवर सांगत. यावर सरस्वतीबाईचा मात्र काडीचा विश्वास नव्हता.

इकडे अर्जुनरावांच्या मेहुण्यानं, बंकटनं, विड्यांची एजन्सी घेतली. विड्या मांडायला त्याला काचेचं कपाट हवं होतं, आणि अख्ख्या पाटोद्यात त्याच्या डोळ्यांत भरलं ते हेच. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक ओळ वाढली: पुस्तक विभाग बंद करणे.

त्रिंबकरावांची नोकरी जाणार नव्हती. फक्त उरलं आयुष्य रॉकेल मापत काढायचं होतं. त्या विचारानं त्यांना जेवण जाईना.

आता ही वार्षिक सभा कशी होई, तेही ऐकण्यासारखं आहे. नोटीस दाराच्या मागे लावायची. दार उघडलं की नोटीस झाकली. ठरल्या वेळी गणपूर्ती नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. तेवढ्यात पोहे. अर्ध्या तासानं सभा पुन्हा सुरू. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, असा कायदा. मग पाच जण ढेकर देत सगळे ठराव मंजूर करत. अर्जुनरावांची सगळी ताकद त्या रिकाम्या सतरंजीत होती.

ती सतरंजी भरायचं त्रिंबकरावांनी मनावर घेतलं. पाटीवर लिहिलं: "शेवटचे पान वार्षिक सभेत दाखवले जाईल. फक्त सभासदांना."

गावात एकच गलका. सभासद कोण? भिवराबाई हिरमुसून म्हणाली, "म्हंजी आमाला न्हाईच की दिसायचं."

"तू सभासद हाईस की, भिवराबाई," त्रिंबकराव गालात हसले. "मालनबाई बी हाय. साखरंसाठी घरटी बायांची नावं घातलीत तुमच्या मालकांनी. अंगठा न्हाई का दिलता?"

"तो साखरंचा व्हता!"

"साखरंचा अन् सभंचा अंगठा येकच आसतो."

सभेच्या दिवशी सतरंजी पुरेना. बाया कडेवर लेकरं घेऊन बसल्या. बंकट दारातच थबकला. "दाजी, आज कुनाची तेरवी हाय का हितं?"

अर्जुनराव घाम पुसत म्हणाले, "बायांचं काय काम सभंत?"

"साखरंला आमचं नाव चालतं चेरमनसाब, मग बसायला कावून चालंना?" भिवराबाईनं विचारलं. "आदी पान दावा. मग तुमचं ते ठराव-बिराव."

अर्जुनरावांनाही पान बघायचं होतंच. त्यांनी मान हलवली. त्रिंबकरावांनी कपाट उघडलं, पुस्तक दोन्ही हातांवर घेतलं आणि पान उलटलं.

दार उघडं होतं. सताड. आत अंगण, एक बाज, पालथी घातलेली घागर. माणूस एकही नाही.

"मानसं कुठं गेली?" कुणीतरी हळूच विचारलं.

"ऊस तोडाय गेली आसतील," मालनबाई म्हणाली.

हशा पिकला. मग तो ओसरला, आणि बराच वेळ कुणी पुस्तकावरून नजर काढली नाही.

अर्जुनरावांनी खाकरून ठराव वाचला. बंद करण्याच्या बाजूनं पोहेवाले पाच हात वर झाले. विरोधात किती, ते सेक्रेटरीनं मोजायचं सोडून दिलं. कारण पुढच्याच रांगेत एक हिरव्या बांगड्यांचा हात होता, चेअरमनीणबाई कौशल्याबाईंचा.

"आहो, तुमी कावून?" अर्जुनराव पुटपुटले.

"तुमीच केलं न्हवं मला सभासद? साखर गोड लागली का न्हाई मग?"

ठराव पडला. बंकट विड्यांचा गठ्ठा घेऊन निघून गेला. त्रिंबकराव आभार मानायला उभे राहिले, तर भिवराबाईनं हात केला. "थांबा, दादा. पुढल्या हंगामाचं पुस्तक कोन ठरवनार?"

"मीच की."

"कावून? कपाट आमी वाचवलं. आमाला पोलक्याच्या बाह्यांचं पुस्तक पायजे. फुग्याच्या, झालरीच्या, समद्या."

"बाह्या?" त्रिंबकरावांचा आवाज चिरकला. "ह्या कपाटात? भिवराबाई, आगं, कला म्हंजी..."

"मत घ्या!" मागून सरस्वतीबाईचा आवाज आला.

मत घेतलं. सतरंजीवर हातांचं रान माजलं. अर्जुनरावांना हसू आवरेना. त्यांनीही हात वर केला. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकटे त्रिंबकराव हात वर करून उभे राहिले.

"तुमी नोकर हायत, त्रिंबकराव. सभासद न्हाई," सेक्रेटरी म्हणाला. "हात खाली घ्या."

त्रिंबकरावांनी हात खाली घेतला, खडू शोधला आणि पाटीकडे तोंड करून विचारलं, "फुग्याच्या म्हंजी कशा गं त्या?"