बिबियानेने मोजलेले झेंडे

बिबियाने आमच्या तळावरची स्वयंपाकीण. ग्रीनलंडच्या बर्फाच्या पठारावर, किनाऱ्यापासून विमानाने तीन तासांवर, शास्त्रज्ञ खोल भोक पाडून बर्फाचे लांब दांडे बाहेर काढतात. तिथे तिचा हा अकरावा उन्हाळा. मी एनोक, मेकॅनिक. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आलेका म्हणायचो. आमच्याकडे भाऊ थोरल्या बहिणीला तसंच हाक मारतो. ती मला ‘डिझेल’ म्हणायची.

दिवस फावड्यानेच सुरू व्हायचा. आम्ही झोपेत असताना वाऱ्याने दारं बुजवलेली असायची. ती मोकळी केली की टाकीसाठी स्वच्छ बर्फाचे ठोकळे कापायचे. तेवीस माणसांचा चहा, सूप, भांडी, सगळं पाणी त्या वितळलेल्या बर्फाचं. टाकी काठोकाठ भरावी आणि तासाभरात ती तळाला जावी. बिबियानेचे खांदे आता कुरकुरायला लागले होते. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती मला हाक मारायची, आणि मी दिला की म्हणायची, “उंची आहे, अक्कल कधी येणार?”

हवामानाची नोंदही तिच्याकडेच होती. धावपट्टीच्या कडेने काळे झेंडे रांगेत रोवलेले होते. विमान निघालं की दर तासाला बाहेर उभं राहायचं, किती झेंडे दिसतात ते मोजायचं, क्षितिज दिसतं का, बर्फावर सावली पडते का ते बघायचं आणि रेडिओवर सांगायचं. पायलट तिच्या शब्दावर उतरायचे.

त्या जूनमध्ये तिच्या धाकट्या मुलीचा, आवियायाचा, चर्चमध्ये दृढीकरणाचा विधी होता. पोरगी चौदाची झाली, म्हणजे सगळं गाव घरी येऊन कॉफी पिणार. त्या दिवशी तिने घालायची मण्यांची गळपट्टी बिबियानेने दोन हिवाळे बसून ओवली होती. विधी रविवारी आणि विमान गुरुवारी. गुरुवारी सकाळी तिने लापशी वाढली ती अंगात प्रवासाचा कोट घालूनच.

विमान निघाल्याचा निरोप आला तेव्हा अकरा झेंडे दिसत होते. तासाभरात सात. दुसऱ्या तासाला वारा सुटला, आणि वरचं पांढरं नि खालचं पांढरं एक झालं.

आमचा तळप्रमुख ग्रेगर्स, डेन्मार्कचा, मनाने भला माणूस. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“किती?”

“तीन.”

“मला पाच वाटतात. तू आठ सांग ना. पट्टीचे पायलट आहेत ते, उतरतील. तुला जायचंय, बिबियाने.”

“मला कुठे जायचंय ते मला ठाऊक आहे, ग्रेगर्स. झेंडे तीन आहेत.”

मलाही मनातून वाटत होतं की तिने आठ सांगावेत.

ती आत आली, हातमोजा काढला आणि रेडिओचं बटण दाबलं. “तीन झेंडे. क्षितिज नाही. सावली नाही.”

मग पायलट म्हणाला, “तुमच्याकडून आज एक प्रवासी होता ना?”

“होता. मीच.”

“मग... सॉरी, बिबियाने. आम्ही फिरतो मागे.”

“फिरा,” ती म्हणाली. कोट काढून खुंटीला अडकवला आणि मला म्हणाली, “डिझेल, कांदे आण. तेवीस तोंडं आहेत, ती काही परत फिरली नाहीत.”

वादळ चार दिवस हललं नाही. रविवारी तिने उपग्रहाच्या फोनवरून घरी फोन लावला. स्वयंपाकघर एवढंसं, मी कुठे जाणार? सगळं ऐकू येत होतं.

“आनाना, तू तिथे बर्फाची राखण करत बस,” पोरगी आईला म्हणाली. “पळवून नेणारेत ना तो कुणी!”

“गळपट्टी बसली का नीट?”

“घट्ट होते.”

“मावशीला सांग, मागची दोरी सैल करेल.”

“तू करणार होतीस.”

मग पलीकडून पाहुण्यांचा गलका आला आणि फोन बंद झाला. ती म्हणाली, “मी जरा पडते रे,” आणि कधी नव्हे ती भर दुपारी तंबूत जाऊन झोपली. सलग चौदा तास. रात्रीचं जेवण मी केलं. मासा करपला. सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ला.

मंगळवारी लख्ख ऊन पडलं आणि विमान आलं. ग्रेगर्सने तिला जवळजवळ ढकलूनच आत बसवलं. चार दिवसांनी ती पुढच्या विमानाने परतली, कारण दुसरं कुणी स्वयंपाकाला मिळत नव्हतं.

“बोलली का पोरगी?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी केस विंचरू दिले.” ती फावडं शोधत होती. “तिसऱ्या दिवशी भांडली. म्हटलं, चला, आता ठीक आहे.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? ऐकून घेतलं. दमले होते रे.” आणि ती बर्फ कापायला बाहेर गेली.